मीटरवाली सत्यभामा

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सत्यभामा मुनेश्वरला न ओळखणारा माणूस सापडणं अवघड होतं, आणि तिच्याबद्दल चांगलं बोलणारा सापडणं त्याहून अवघड. बाईचा हात जितका नाजूक चालायचा, तितकीच जीभ दांडगी. लग्न झालं होतं, पण दोन वर्षांत ती परत आली. नवऱ्याच्या मते तिचं बोलणं कोणालाही सोसण्यासारखं नव्हतं. तिच्या मते त्याला ऐकण्यासारखं काही बोलताच येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस, मारेगावकडच्या खेड्यात शेती करणारा धाकटा भाऊ श्रावण. आई गेली तेव्हा तो नीट चालतही नव्हता. सत्यभामानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं, कापूस वेचताना त्याला झोळीत टाकून शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलं.

वयात आल्यावर ती लोहाऱ्याला मीटर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागली. काट्याचे मीटर, वीज मोजणारे, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेत असतात तसे. तिथं ती तारा जोडायला शिकली, मग दुरुस्ती शिकली, मग साहेबांच्या चुका काढायलाही शिकली. पुढे कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी कोणी खुर्ची उचलली, कोणी पंखा सोडवला. सत्यभामानं भंगारात काढलेले मीटर पोत्यात भरले आणि पोतं सायकलवर टाकून घरी आणलं. त्याच पोत्यातून तिचा धंदा उभा राहिला.

जुन्या मीटरांचं एक दुखणं असतं. आतलं यंत्र चाळीस वर्षं चालतं, पण त्याला लागणारी बॅटरी बाजारातून कधीच नाहीशी झालेली असते. कोणाला पंधरा व्होल्टची ठोकळ्यासारखी बॅटरी लागते, कोणाला बावीसची, कोणाला बटणाएवढा पाऱ्याचा सेल. कंपन्यांनी त्या बनवणं सोडून दिलं, पाऱ्यावर तर बंदी आली. मग मालक मीटर माळ्यावर टाकतो. सत्यभामा अशा मीटरांना नवं पोट द्यायची. गाडीच्या रिमोटमधला छोटा सेल, त्याच्यावर एक चपटा सेल, दोन्ही पाण्याच्या बारीक पाइपाच्या तुकड्यात बसवून टोकांना पितळेच्या टिकल्या झाळल्या की पंधरा व्होल्टची बॅटरी तयार. वर जुन्याच बॅटरीचा कागद चिकटवायची. यवतमाळच्या कॉलेजांतून, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगांतून, जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्यांकडून तिच्याकडे कामं येत. लोक तिला मीटरवाली म्हणत.

काम करताना ती गप्प बसत नसे. हे का बिघडलं, कोणी बिघडवलं, तो किती मूर्ख होता, हे सगळं समोरच्याला ऐकावं लागे. वसाहतीच्या फाटकासमोर, तिच्या घरापासून रस्त्याच्या पलीकडे, उकंडाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गरीब स्वभावाचा, थोडा अडखळत बोलणारा माणूस. त्यानं एकदा कॉलेजच्या मीटरमध्ये दीड व्होल्टाहून थोड्या कमी जोराच्या पाऱ्याच्या सेलच्या जागी सरळ साधा सेल ठोकून दिला. मीटर खोटं दाखवू लागलं आणि फिरत फिरत सत्यभामाकडे आलं. तिनं त्याचं झाकण उघडलं, ते तसंच चहाच्या टपरीवर नेलं, आणि टपरी भरलेली पाहून उकंडाला हाक मारली.

"ये उकंडा, इकडे ये. हे तुहं काम हाय ना? याले किती व्होल्ट पायजे, सांग बरं लोकाईले."

उकंडा कसनुसा हसला. "द... दीड."

"दीड! ऐका! हा दीड व्होल्टचा मेकॅनिक हाय. डोक्यातबी तेवढाच करंट हाय याच्या."

टपरी हसून लोटपोट झाली. त्या दिवसापासून उकंडाचं नाव 'दीड व्होल्ट' पडलं. पोरं दुकानासमोरून जाताना ओरडत. गिऱ्हाईक आत यायला लाजू लागलं. त्याची बायको एकदा सत्यभामाच्या दारात येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही लोकाईले सांगा ना, तसं म्हनू नका म्हून." सत्यभामा हातातल्या मीटरवरून नजर न काढता म्हणाली, "त्याले शिकाले लाव. नाव आपोआप जाईन."

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. पेरताना महाग, विकताना मातीमोल, आणि ज्याला थांबता येत नव्हतं तो बैलबंडी जुंपून खासगी जिनिंगच्या दारात उभा राही. अशाच एका हंगामाच्या तोंडावर, दिवाळी उलटल्यावर, मारेगावच्या बाजूच्या एका जिनिंगचे ग्रेडर पुंडलिकराव सत्यभामाच्या दारात आले. ग्रेडर म्हणजे कापूस पाहून प्रत ठरवणारा माणूस. त्यानं 'ओला' म्हटलं की भाव कापला गेलाच. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, बोलणं लोण्यासारखं. हातात लाकडी पेटीतलं एक जुनं मशीन होतं. कापसातला ओलावा मोजायचं. एका डब्यात मूठभर कापूस दाबायचा, बटण दाबायचं, काटा ओलाव्याचा टक्का दाखवतो.

"मॅडम," ते म्हणाले, "हे फक्त तुम्हालाच जमेल असं सगळे सांगतात."

सत्यभामाला आजवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं पदराच्या टोकानं स्टूल पुसून दिलं.

मशीनचा पाऱ्याचा सेल मेला होता. तिनं समजावलं की घड्याळातला चांगला सेल घालते, पण त्याचा जोर थोडा जास्त असतो, म्हणून वाटेत एक डायोड बसवते. तो जास्तीचा जोर खाऊन टाकतो. मग काटा खरा चालतो, आणि सेल संपेपर्यंत खराच चालतो.

"आणि समजा, डायोड नाही लावला? साधा सेल टाकला तर?" पुंडलिकरावांनी अगदी शाळकरी पोरासारखं विचारलं.

असा प्रश्न सत्यभामाला कोणी विचारत नसे. ती खुलली. उशी उसवून तिनं मूठभर कापूस काढला, डब्यात दाबला. आधी साधा कोरा सेल लावला. काटा अकरावर गेला. मग ड्रॉवरमधून थकलेला सेल काढून लावला. तोच कापूस, तोच डबा, काटा सातावर. शेवटी डायोडसकट आपली जोडणी लावली. नऊ.

"पाह्यलं? कापूस एकच. नवा सेल त्याले ओला म्हनते, जुना सेल त्याले वाळला म्हनते. साधा सेल उतरत जाते ना, म्हून. अनाडी मानसाच्या हाती हे मशीन देल्लं तर दर आठवड्याले वेगळं बोलन."

"वा," पुंडलिकराव म्हणाले. "म्हणजे सगळा खेळ सेलचा." त्यांनी एकदा तिलाच पुन्हा करून दाखवायला लावलं, नव्या सेलवर आणि जुन्या सेलवर. तिनं करून दाखवलं. मग डायोड बसवला, झाकणाचे स्क्रू आवळले, पेटी कापडानं पुसून दिली.

तिच्या दारातून निघून ते सरळ रस्ता ओलांडून उकंडाच्या दुकानात गेले. सत्यभामानं ते पाहिलं नाही. ती दुसऱ्या मीटरला लागली होती आणि समोर कोणी नसतानाही स्वतःशी बोलत होती.

पौषात एका सकाळी जिनिंगची जीप तिच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी बोलावलंय, शेतकरी कटकट करून राह्यले, मशीन खोटं हाय म्हणतात. मशीनच्या मॅडमनी येऊन दोन शब्द सांगावे. सत्यभामानं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं आणि पुढच्या सीटवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती जीपमधून मारेगावच्या रस्त्याला लागली होती.

जिनिंगच्या आवारात बंड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. बैल सोडलेले, माणसं उकिडवी बसलेली, सगळ्यांचे चेहरे तापलेले. ओट्यावर टेबल, टेबलावर ती लाकडी पेटी. पुंडलिकरावांनी हात जोडून तिला ओट्यावर घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, "या यवतमाळच्या मॅडम. या मशीनचा स्क्रू न् स्क्रू यांना माहीत आहे. आता यांच्याच हातानं मोजू. ज्याला शंका असेल त्यानं पुढं यावं."

पुढे आला तो श्रावण.

ती चमकली. तो रांगेत असेल हे तिला ठाऊक नव्हतं. तोही गोंधळला, मग त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू आलं. मागं वळून तो लोकांना म्हणाला, "माही बहीन हाय. आता खरं काय ते होईन." त्यानं बंडीतून मूठभर कापूस काढून तिच्या हातात दिला. "ताई, तूच पाह्य. चार दिवस अंगनात वाळवला. काल यांनी बारा सांगतला."

सत्यभामाच्या बोटांनी तो कापूस दाबला. लहानपणापासून कापसात वाढलेली बोटं होती ती. कापूस हलका होता, चुरचुरत होता, मुठीत धरला तर सोडताच फुलून वर येत होता. बोटं म्हणाली, वाळला आहे. तिनं तो डब्यात दाबला आणि बटण दाबलं. काटा उसळला आणि बारावर जाऊन थांबला.

तिनं पुन्हा केलं. बारा.

तेव्हा तिचं लक्ष झाकणाच्या एका स्क्रूकडे गेलं. त्याची खाच खरवडलेली होती, कोणीतरी भलत्याच मापाचा पेचकस घातल्यासारखी. तिच्या हातून स्क्रू असा कधी खरवडत नसे. पेटी उघडायला एक मिनिट पुरलं असतं. पिशवीत पेचकस होता.

पण समोर दीड-दोनशे माणसं उभी होती आणि पुंडलिकराव म्हणत होते, "सांगा मॅडम. तुम्हीच बनवलेलं मशीन. बरोबर आहे की चूक?"

चूक म्हटलं, तर तिचंच काम चूक. तिच्या कामात आजवर कोणी चूक काढली नव्हती.

"मशीन बरोबर हाय," ती म्हणाली. "कापूस ओला हाय."

श्रावणचं हसू तोंडावरच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्याच्या गावची हंसाबाई, स्वतःची बंडी घेऊन आलेली म्हातारी, पुढे सरली. "काहून खोटं बोलतं वं? श्रावनभाऊ पानी मारनारा मानूस नाई. आमी वाळवतानी पाह्यलं."

इथं थांबता आलं असतं. पण सत्यभामाला कोणी खोटं म्हटलं की तिच्या जिभेवर तिचा ताबा राहत नसे.

"आजकाल कोन पानी मारत नाई?" ती ओट्यावरून कडाडली. "वजन वाढवाले सगळेच मारतात. माहा भाऊ झाला म्हून काटा त्याले सोडन का? मीटरले भाऊबंद नसतात!"

मग रांगेत मागं कोणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू बंडीबंडीतून पुढं आलं. 'सख्खी बहीन सांगून राह्यली', 'पानीवाला', असं काहीबाही. श्रावणनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो बंडीशी गेला आणि कापलेल्या भावाला मान डोलावून कापूस उतरवू लागला. आवाज करायला आलेले इतरही मग मुकाट्यानं उतरवू लागले. ज्याची बहीण साक्षीला उभी राहते त्याचंच असं झालं, तर आपलं काय चालणार?

सत्यभामाला ऑफिसात नेऊन चहा आणि बिस्किटं दिली. खिडकीतून तिला एका व्यापाऱ्याचा ट्रक आत येताना दिसला. ताडपत्रीवरून दवाचं पाणी ठिबकत होतं. ओट्यावरून पुंडलिकरावांचा आवाज आला, "आठ! घ्या आत." सत्यभामानं तो आवाज ऐकला. तिनं बशीत चहा ओतला आणि पिऊन टाकला.

श्रावण घरी पोचण्याआधी गोष्ट गावात पोचली होती. त्या वर्षी गावात बुद्धविहाराचं बांधकाम चाललं होतं. सिमेंट ठेवलेल्या खोलीची किल्ली श्रावणकडे होती, कारण श्रावणच्या हातून दाणाही इकडचा तिकडे होत नाही असं सगळे म्हणत. पुढच्या बैठकीत कोणीतरी हसत हसतच बोललं, "भाऊ, सिमेंटातबी पानी जास्त होऊन नाई राह्यलं ना?" बाकीचे हसले. बोलणाऱ्याच्या मनात फार काही नव्हतं. श्रावणनं खिशातून किल्ली काढली, सतरंजीवर ठेवली आणि घरी निघून गेला. त्याला परत आणायला कोणी उठलं नाही.

सत्यभामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. निरोप आला नाही की फोन आला नाही, आणि तिनंही केला नाही. आपण खरं तेच बोललो असं ती स्वतःला सांगत होती. पण त्या दिवसांत तिला एकेक काम दोनदा करावं लागत होतं.

संक्रांत झाल्यावर ती टपरीवर चहा प्यायला गेली. उकंडा बाकावर बसला होता. इतके दिवस ती आली की तो उठून जात असे. आज तो बसून राहिला.

"मीटरवाली," तो म्हणाला, आणि नवल म्हणजे अडखळला नाही. "तुही एक वस्तू माह्याजवळ हाय. देऊ का?" त्यानं शर्टाच्या खिशातून आगपेटी काढली, उघडून बाकावर पालथी केली. आतून तिनं झाळलेला डायोड पडला. तिच्या हातचा डाग तिनं लगेच ओळखला.

"हे तू..."

"ग्रेडरसाहेबानं काढाले लावला. त्याच दिवशी. म्हने, साध्या सेलची जागा करून दे, बदलता आला पायजे. मी म्हनलं, साहेब, काटा खोटा चालन. तर ते हसले. म्हने, मॅडमनं सगळं शिकवलं मले." उकंडा आता सगळ्या टपरीकडे वळला. "दोन खिशात दोन सेल ठेवते तो मानूस. बंडी आली का नवा, ट्रक आला का जुना. एवढं डोकं माहं कुठून चालन? मी तं दीड व्होल्टचा. हे हुशार बाईनं शिकवलेलं हाय. अन् त्याच काट्यावर सख्ख्या भावाले चोर ठरवून आली, जीपमधी बसून."

टपरीवर कोणी हसलं नाही. ते तिला जास्त लागलं. उकंडा उठला, चहावाल्याला म्हणाला, "तिचा चहा माह्याकडून," आणि दुकानात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वणीच्या एसटीनं ती मारेगावला उतरली. पिशवीत तिचे दोन चांगले मीटर, सेल, पेचकस, डायोड. जिनिंगमध्ये रांग तशीच होती. ती सरळ ओट्यावर चढली.

"पेटी उघडा," ती म्हणाली. "खिशातले सेल काढा. लोकाईसमोर दाखवा."

पुंडलिकराव जराही गडबडले नाहीत. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा मॅडम. काय झालं? त्या दिवशी तर तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं, मशीन बरोबर आहे."

"त्या दिवशी मी उघडून पाह्यलं नव्हतं."

"न उघडताच सांगितलं?" त्यांनी आवाज चढवला, रांगेला ऐकू जाईल एवढाच. "म्हणजे तुम्हाला कळत नाही, तरी सांगितलं? की कळत होतं, तरी सांगितलं? या लोकांना एकदा काय ते सांगून टाका."

सत्यभामा लोकांकडे वळली. तिनं सगळं सांगितलं. नवा सेल, जुना सेल, डायोड, उशीतला कापूस. तिला वाटलं होतं, सांगितलं की लोक ओट्यावर चढतील आणि ग्रेडरची गचांडी धरतील. लोक चढलेही. पण पुढचा माणूस पुंडलिकरावांना वळसा घालून तिच्याकडे आला.

"म्हंजे तूच शिकवलं याले?"

"मी शिकवलं नाई, मी सांगतलं..."

"किती घेतले?"

"जीपमधी आलती त्या दिशी!"

"भावालेबी सोडलं नाई वं!"

कोणीतरी पिशवी ओढली. मीटर ओट्यावरून खाली पडले. एकाची काच फुटली, दुसऱ्यावर एक जण टाच रोवून उभा राहिला आणि काटा वाकेपर्यंत फिरला. तिनं वाकून तो उचलायचा प्रयत्न केला तेव्हा तिच्या पाठीत बुक्की बसली. तिच्या तोंडावर थुंकली ती हंसाबाई. "त्या दिशी मी म्हनलं तं मले खोटं पाडलं तुनं," म्हातारी म्हणाली.

पुंडलिकरावांच्या अंगाला कोणी बोट लावलं नाही. त्यांच्याकडूनच सगळ्यांना आज कापूस मोजून घ्यायचा होता. त्यांनीच शेवटी दोन हमालांना सांगून तिला फाटकाबाहेर पोचवलं, आणि वर म्हणाले, "बाईमाणूस आहे, जाऊ द्या." लोकांना ते भल्या मनाचं वाटलं. त्याच आठवड्यात जिनिंगनं आकडे दाखवणारं नवं मशीन आणलं आणि ती लाकडी पेटी आवारातून नाहीशी झाली. आता उघडून दाखवायलाही काही उरलं नाही.

तिथून ती पायीच श्रावणच्या गावी गेली. भावजय वैष्णवी अंगणात सरपण रचत होती. तिनं नणंदेच्या फाटलेल्या बाहीकडे पाहिलं, काही विचारलं नाही, पाण्याचा गडू आणून ओसरीवर ठेवला. घरात ये म्हणाली नाही. किल्लीची गोष्ट तिनंच सांगितली, चार वाक्यांत, सरपण रचता रचता.

संध्याकाळी श्रावण शेतातून आला. सत्यभामानं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी विहारात येऊन सांगतो. सगळ्याईसमोर. तू पानी मारलं नाई म्हून."

श्रावण हातपाय धूत होता. तो धुऊन झाला, पंच्यानं पुसून झाला, मग बोलला.

"ताई, त्या दिशी कापूस तुनं हातात घेतलता. तुह्या हाताले काय वाटलं?"

तिनं फाटकी बाही सावरली.

"खरं सांग."

"वाळला होता."

"मले मालूम हाय," श्रावण म्हणाला. "तुहे बोटं मी पाहून राह्यलो होतो. तवाच मले समजलं का तुले समजलं." त्यानं पंचा खांद्यावर टाकला. "ग्रेडर तं चोरच हाय. त्याचा राग नाई मले. आता विहारात तू काही सांगू नको. तुनं तोंड उघडलं का लोक अजून चार गोष्टी बोलतात."

तरी ती पौर्णिमेला विहारात गेली. वंदना झाल्यावर उभी राहून बोलली. सेल, डायोड, काटा, सगळं पुन्हा. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बरं बाई, म्हंजे पानी मारलंतं का नाई?" ती ओरडून "नाई!" म्हणाली. म्हातारा मान हलवत म्हणाला, "हो, आता भावासाठी तसं म्हनाच लागते." श्रावण त्या दिवशी विहारात आलाच नव्हता. त्यानं पुढे कापूस जिनिंगला नेणं सोडलं. गावातल्याच व्यापाऱ्याला कमी भावात घरून देऊ लागला. मशीनसमोर उभं राहायचं नाही, एवढंच.

सत्यभामाचा धंदा बुडाला नाही. दुसरा कोणी ते काम करणारा नव्हता. कॉलेजची माणसं मीटर आणून ठेवत, ती नवी बॅटरी बनवून देई. मात्र आता ती बोलत नसे. काय बिघडलं होतं, असं कोणी विचारलं तर "झालं," एवढंच म्हणे. उकंडाला पोरं अजून 'दीड व्होल्ट' म्हणतच होती. एकदा तिनं दोन पोरांना त्यावरून हटकलं, तर ती तिलाच "ये ओला कापूस!" म्हणून पळाली.

काही वर्षांनी पुंडलिकराव तिच्या दारात आले. निवृत्त झाले होते, केस पांढरे, हातात पुतण्याचा जुना काट्याचा मीटर. "मॅडम, ओळखलं का? याची पंधरा व्होल्टची बॅटरी मिळत नाही कुठंच. तुमच्याशिवाय कोण करणार?"

तिनं स्टूल पुसलं नाही. ते उभेच राहिले.

"एक काम करता का?" ती म्हणाली. "माह्या भावाच्या गावी चला. विहारात एकच वाक्य सांगा. श्रावननं पानी मारलं नव्हतं म्हून. तुम्ही सांगतलं तं लोक ऐकतीन. मी बॅटरी फुकट देतो, जनमभर देतो."

पुंडलिकरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खरोखर आठवत होते, ढोंग नव्हतं.

"कोण श्रावण?" ते म्हणाले.

तिनं हातातला पेचकस टेबलावर ठेवला. हंगामात हजार बंड्या येत असतील. हजारातली कोणती बंडी, कोणाचा कापूस, कोणाची बहीण ओट्यावर उभी होती, हे त्या माणसानं कशाला लक्षात ठेवावं? त्याच्यासाठी तो मंगळवार असेल, नाहीतर बुधवार.

"त्या बॅटऱ्या आता येत नाईत," सत्यभामा म्हणाली.

"तुम्ही बनवता ना?"

"मले जमत नाई."

पुंडलिकराव हळहळले, बाईचं वय झालं म्हणाले, आणि मीटर काखेत मारून रस्ता ओलांडून उकंडाच्या दुकानाकडे गेले. तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पाइपात बसवलेल्या तीन तयार बॅटऱ्या होत्या. तिनं ड्रॉवर उघडला नाही. खिडकीशी कॉलेजचं एक मीटर अर्धवट उघडं पडलं होतं, त्याचं झाकण तिनं पुढं ओढलं आणि कामाला लागली.